‘पी’ फॉर पंचाईत!

लग्नसराई. गोंदिया जिल्ह्यातलं एखादं गाव. अंगणात मांडव, मांडवात पाहुणे, आणि तुमची ऑटोमॅटिक गाडी नेमकी फाटकाच्या तोंडाशी उभी. मागे जेवणाच्या भांड्यांचा टेम्पो येऊन ठेपलाय आणि हॉर्नवर हॉर्न वाजवतोय. तुम्ही ऐटीत सीटवर बसता, लिव्हर ‘पी’वरून खाली ओढता आणि... काहीच नाही. पुन्हा ओढता. दांडी ढिम्म! दोन मिनिटांत गाडीभोवती एक्स्पर्ट कमिटी जमते. ‘‘भाऊ, न्यूट्रल करा ना, आम्ही ढकलतो!’’ ‘‘बॅटरी गेली असंल.’’ ‘‘मी तं आधीच म्हणलो होतो, गिअरवाली घ्या म्हणून.’’ तुमच्या कपाळावर घाम, आणि तो काही फक्त नवतप्याचा नाही.

मंडळी, हा सीन अजून तुमच्या वाट्याला आला नसेल तर लकी आहात. पण येऊ शकतो. कारण ऑफिसच्या ट्रॅफिकला वैतागून आपण सगळेच हळूहळू क्लच सोडतोय. एकेकाळी ऑटोमॅटिक म्हणजे गुडघेदुखीवाल्या काकांची गाडी असा समज होता. आता पहिलीच गाडी घेणारी पोरंपोरी शोरूममध्ये शिरतानाच ‘ऑटोमॅटिक दाखवा’ म्हणतात. चालवायला दोन दिवसांत जमते. आत नेमकं काय चाललंय, हे मात्र दोन वर्षांनीही ठाऊक नसतं!

शहरात ते खपून जातं. फोन फिरवला की कुणीतरी टूलबॉक्स घेऊन येतं. पण दिवाळीला, लग्नाला आपण गाडी घेऊन घरी निघतो. नागपूर मागे पडतं, भंडारा, साकोली मागे पडतात. कोहमाऱ्याला डावीकडे वळलं की गोरेगाव आणि गोंदिया, उजवीकडे नवेगावबांध, सरळ गेलं की देवरी आणि पुढे छत्तीसगड. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधेच जंगल. अशा ठिकाणी तुमच्याच मॉडेलची माहिती असलेला मेकॅनिक समोरच्याच टपरीत बसलेला असेल, या भरवशावर राहू नये. गोंदिया ते नागपूर रेल्वेनेसुद्धा साधारण १३० किलोमीटर पडतं. तेव्हा थोडा फंडा आपलाच क्लिअर असलेला बरा.

एक खिट्टी, एक कुलूप

‘पी’मध्ये गाडीला दोन वेगवेगळ्या गोष्टी धरून असतात. पहिली गिअरबॉक्सच्या आत. तिथे दाते असलेलं एक चक्र असतं आणि ‘पी’ टाकलं की एक लोखंडी खिट्टी त्या दात्यांत जाऊन बसते. जुन्या वाड्याच्या दाराला अडसर असतो ना, तसं. खिट्टी बसली की चाकांकडे जाणारा दांडा फिरत नाही. म्हणूनच ‘पी’मधली गाडी दहा माणसांनीही ढकलता येत नाही. उगाच जोर लावून एखाद्याची कंबर जायची!

दुसरी गोष्ट लिव्हरच्या खाली. हे विजेवर चालणारं कुलूप. तुम्ही ब्रेक दाबला की पॅडलजवळचा एक छोटा स्विच ‘पाय ब्रेकवर आहे’ असा निरोप पाठवतो, आणि मगच कुलूप उघडतं. ब्रेक दाबल्यावर लिव्हरजवळ ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो, तो याचाच. पाय ब्रेकवर नसेल तर लिव्हर ‘पी’तून निघतच नाही.

हे कुलूप आलं कुठून? १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडीच्या ५००० या मॉडेलबद्दल तक्रारी सुरू झाल्या, की गाडी गिअरमध्ये टाकताच आपोआप सुसाट सुटते. २३ नोव्हेंबर १९८६ ला ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात ते दाखवलं आणि एकच गहजब उडाला. पुढे १९८९ मध्ये तिथल्या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याचा निष्कर्ष आला, की ब्रेक समजून लोकांचा पाय ॲक्सिलरेटरवर पडत होता. दरम्यान कंपनीने उपाय केलाच होता. ब्रेकवर पाय नसेल तर ‘पी’ सुटणारच नाही, असं कुलूप बसवायचं.

पण त्यामागचं खरं कारण मला लहान पोरांमध्ये दिसतं. २००२ मध्ये अमेरिकेत कॅमेरॉन गुलब्रँसन नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरचीच गाडी मागे घेतली जात असताना तिच्याखाली सापडून गेला. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला. मागचं नीट दिसण्याची व्यवस्था गाडीत हवी, हा त्यातला एक भाग. आणि सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या, ‘पी’ असलेल्या प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत हे ब्रेकचं कुलूप हवंच, हा दुसरा. बंद गाडीत खेळणाऱ्या पोराने सहज दांडी ओढली तर गाडी घरंगळू नये, म्हणून. आता आपल्या लग्नघरातलं अंगण आठवा. एसीची हवा खायला गाडीत किती पोरं चढून बसलेली असतात!

म्हणजे दांडी अडकली की शिव्या घालण्याआधी एवढं लक्षात घ्या, की ती कुणाला तरी वाचवण्यासाठीच अडते.

तुमच्या गाडीत ‘पी’ आहे का?

विचित्र प्रश्न वाटला? पण २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक आपल्याकडे घरोघर पोचली. ती एएमटी. म्हणजे आतला गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच आणि गिअरचं काम मशीन करतं. अशा बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर ‘पी’ नसतोच. ‘आर’, ‘एन’, ‘डी’ आणि मॅन्युअल, बस्स. त्या गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून उभ्या करायच्या. तिथे बॅटरी पार झोपली तर गिअर टाकणारं-काढणारं मशीनच हलत नाही आणि गाडी गिअरमध्ये अडकते. उपाय एकच, दुसऱ्या गाडीवरून केबल लावून बॅटरीला जीव देणं.

आजचा आपला विषय त्यापुढचा. म्हणजे सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर किंवा ड्युअल क्लचवाल्या, लिव्हरवर ठळक ‘पी’ असलेल्या गाड्या.

मागे लाल दिवा लागतोय का?

दांडी अडकली की जोर लावू नका. आधी एक सोपी टेस्ट करा. ब्रेक दाबा आणि कुणाला तरी गाडीच्या एका बाजूला उभं राहून मागचे ब्रेक लाइट बघायला सांगा. एकटे असाल तर मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून मागे ठेवा. अंधार असेल तर मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतोय का, ते आरशात दिसतंच.

दिवे लागत नाहीत? मग चोर बहुधा सापडला. ब्रेकचा स्विच किंवा त्याचा फ्यूज. बहुतेक गाड्यांत ब्रेक लाइट आणि हे कुलूप या दोघांनाही निरोप देणारा स्विच एकच असतो. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर ‘स्टॉप’ असं लिहिलेला फ्यूज शोधा. जळाला असेल तर तितक्याच अँपिअरचा दुसरा बसवा. जास्तीचा नको, आणि चांदी गुंडाळण्याचा देशी जुगाड तर अजिबात नको. धानाच्या पोत्यांशेजारी चार रात्री गाडी लावली असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का, तेही पाहून घ्या. पोती त्यांची, गाडी बोनस!

दिवे अगदी मंद आहेत, किंवा डॅशबोर्डच काळा आहे? मग बॅटरी. कडक उन्हाळा बॅटरीचं आयुष्य खातो, आणि पूर्व विदर्भातला मे महिना काय असतो हे वेगळं सांगायला नको. केबल लावून करंट दिला की कुलूप आपोआप उघडेल.

दिवे लखलखीत, पण लिव्हरजवळ ‘टिक्’ नाही? मग कुलपातच किंवा त्याच्या वायरीत बिघाड. आणि दिवेही आहेत, ‘टिक्’ही आहे, तरी दांडी हलत नाही? मग अडचण यांत्रिक. लिव्हरची केबल, फटीत पडलेलं नाणं, मागच्या ट्रिपला सांडलेलं कोल्ड्रिंक, किंवा उतार. उताराकडे येतोच.

ती छोटी झाकणी

आता मेन आयटम. गाडी बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. म्हणून बहुतेक लिव्हरवाल्या ऑटोमॅटिक गाड्यांत एक चोरवाट ठेवलेली असते. लिव्हरच्या पट्टीवर, बहुधा ‘पी’च्या आसपास, नखाएवढी प्लॅस्टिकची झाकणी दिसेल. काही गाड्यांत तिथे ‘शिफ्ट लॉक’ असं लिहिलेलं असतं, काहींत झाकणीऐवजी सरळ बटनच असतं. क्रम असा :

१. हँडब्रेक पूर्ण ओढा. चाकांना विटा किंवा दगड लावा. गाडीच्या पुढे-मागे कुणीही नको. एक्स्पर्ट कमिटीला बाजूला काढा, पोरांना तर आधी!

२. इंजिन बंद ठेवा. किल्ली कुठे असावी, हे गाडीगणिक बदलतं. मॅन्युअलमध्ये ते एका ओळीत दिलेलं असतं.

३. उजवा पाय ब्रेकवर घट्ट. हे काम खिडकीतून हात घालून, बाहेर उभं राहून करायचं नाही. सीटवर बसूनच.

४. पातळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळा आणि झाकणी हलकेच उचला.

५. आतल्या खाचेत किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर सरळ खाली दाबून धरा. दुसऱ्या हाताने लिव्हरचं बटन दाबून ‘पी’वरून ‘एन’वर आणा.

६. खाचेतलं काढा, झाकणी लावा आणि दीर्घ श्वास घ्या.

झालं! या क्षणापासून मात्र गाडीला धरून ठेवणारी खिट्टी निघालेली आहे. तुमचा पाय आणि हँडब्रेक, एवढंच काय ते उरलंय. म्हणून पहिली पायरी पहिलीच राहू द्या.

उतारावर असाल तर

गोंदिया जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे सपाट धानाची शेतं येतात. पण देवरीकडचा मासुलकसा घाट किंवा सालेकसा तालुक्यात हाजरा धबधब्याकडचा दरेकशाचा डोंगराळ भाग पाहिला की चढउतार म्हणजे काय ते कळतं. तिथे उतारावर गाडी थांबवली, थेट ‘पी’ टाकलं आणि पाय काढला, तर गाडी बोटभर घरंगळते आणि तिचं सगळं वजन त्या एका खिट्टीवर जाऊन बसतं. परत निघताना खिट्टी दात्यांत घट्ट रुतलेली, दांडी दगडासारखी. कुलूप उघडलं तरी हलत नाही.

अशा वेळी इंजिन सुरू करून, ब्रेक घट्ट दाबून दांडी एकदा ठामपणे ओढून पाहा. बऱ्याचदा मोठा ‘खट्’ होतो आणि ती सुटते. नाहीच सुटली, तर वरच्या बाजूला दुसरी गाडी लावून दोराने किंचित ओढ द्यायची. खिट्टीवरचा भार गेला की ब्रेक दाबून लिव्हर काढायची. माणसांनी उताराच्या बाजूला उभं राहून रेटा द्यायचा नाही. अजिबात नाही. खिट्टी निघाली की दीड टनाचं धूड त्यांच्याच अंगावर येणार.

मुळात ही वेळच येऊ नये, यासाठी पार्किंगचा क्रम बदला. गाडी थांबवा, पाय ब्रेकवरच, ‘एन’ टाका, हँडब्रेक ओढा, मग ब्रेक हळूच सोडून गाडीला हँडब्रेकवर बसू द्या, आणि सगळ्यात शेवटी पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. पाच सेकंद जास्त लागतात. वजन हँडब्रेकवर राहतं, खिट्टी मोकळी राहते.

अजून एक. चालत्या रस्त्यावर, विशेषतः रेल्वे फाटकावर, इंजिन बंद पडलं तर घाबरून ‘पी’ टाकू नका. आधी सगळ्यांना उतरवा. लिव्हर ‘डी’त असेल तर ती सरळ ‘एन’वर येते, कारण ‘डी’तून निघताना हे कुलूप आड येत नाही. ‘एन’मधली गाडी ढकलता येते. पण गाडी येत असेल तर मोह सोडा आणि रुळांपासून लांब व्हा. कार पुन्हा घेता येते, बॉस.

सुटलो! पण...

टेम्पो आत आला, कमिटीने टाळ्या वाजवल्या, आता मस्तपैकी नागपूर गाठू. थांबा! दांडी का अडकली होती, ते आठवा. मागचे ब्रेक लाइट लागत नव्हते म्हणून. ते अजूनही लागत नाहीयेत.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात डेंजर भाग हाच. चोरवाटेने कुलूप उघडता येतं, दिवा लावता येत नाही. कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागलात की छत्तीसगडहून येणाऱ्या ट्रकची रांग तुमच्या मागे असते. रात्री समोर गाय आली, तुम्ही ब्रेक मारला, आणि मागच्या ट्रकवाल्याला काहीच कळलं नाही... पुढचं लिहीत नाही. फाटकातून गाडी बाजूला करायला चोरवाट ठीक. प्रवासाला ठीक नाही. फ्यूज बदला, स्विच बदलून घ्या, आणि लाल दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच निघा. स्विच हा काही महागडा पार्ट नाही, गावातला इलेक्ट्रिशियनसुद्धा तपासून देईल. महामार्गावरच अडकलात तर गाडीसोबत येणारा लाल त्रिकोण बराच मागे उभा करा, माणसांना रस्त्याच्या कडेला, गाडीपासून लांब न्या आणि १०३३ फिरवा. ती राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन आहे. अपघात असेल तर ११२.

गाडी ढकलतानाही दोन गोष्टी. एक, स्टिअरिंगचं लॉक उघडलेलं हवं, नाहीतर ती सरळ भिंतीत जाईल. दोन, इंजिन बंद असताना एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. म्हणून हळू ढकला, आणि सीटवर पोरगा नको, चालवता येणारा माणूसच हवा.

आणि टोइंग? ‘पी’तल्या गाडीला दोर बांधून ओढायचं नाही, खिट्टी तुटेल. ‘एन’मध्येही लांबवर ओढत नेणं घातक, कारण बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, तर तेलही बंद. फ्लॅटबेड मागवा, म्हणजे गाडी अख्खी पाठीवर घेणारा ट्रक.

बटनवाले आणि ईव्हीवाले

तुमच्या गाडीत दांडीच नाही, नुसतं गोल नॉब किंवा बटन आहे? तिथे बहुतेक वेळा झाकणीही नसते. सगळं इलेक्ट्रॉनिक. त्यातही इलेक्ट्रिक गाडीची गंमत अशी, की मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी झोपली तर गाडी ‘पी’तून हलत नाही. तेव्हा त्या छोटीकडे आधी बघा, आणि तिला करंट कुठून द्यायचा ते मॅन्युअलमध्ये आजच शोधून ठेवा.

इलेक्ट्रॉनिक लिव्हरचा उलटा धोकाही आहे. जून २०१६ मध्ये ‘स्टार ट्रेक’मधला २७ वर्षांचा नट अँटन येल्चिन अमेरिकेत आपल्याच घराच्या उतारावर, आपल्याच घरंगळलेल्या जीपमुळे चिरडून गेला. त्या मॉडेलची लिव्हर दर वेळी मधल्या जागी परत यायची, त्यामुळे गाडी नक्की कशात आहे हे हाताला कळत नसे. त्याबद्दल त्या गाड्या परत बोलावणं आधीच सुरू झालं होतं. म्हणून उतरण्याआधी डॅशबोर्डवरचं अक्षर वाचा आणि हँडब्रेक लावा. ‘पी’ पडलं असं वाटणं वेगळं, पडणं वेगळं.

वीकएंडचा होमवर्क

येत्या शनिवारी सपाट पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं काढा. मॅन्युअलमध्ये शिफ्ट लॉकचं पान शोधून मोबाइलवर फोटो काढा. जंगलात रेंज नसली तरी फोटो दिसतो. झाकणी कुठे आहे ते बघा आणि हँडब्रेक ओढून, दगड लावून एकदा करून पाहा. डिकीत एक चपटा स्क्रूड्रायव्हर, फ्यूजचं पाकीट, जंपर केबल आणि टॉर्च टाका. आणि महिन्यातून एकदा कुणाला तरी मागे बाजूला उभं करून विचारा, ‘‘लाल दिवे लागले का रे?’’

‘‘हो’’ आलं, की बिनधास्त निघा. नागझिऱ्याला, नवेगावबांधला, नाहीतर थेट मामाच्या गावाला!